दुखत नाही ना, मग असू दे

भांडुप स्टेशनच्या जिन्यापाशी थंडीच्या दिवसांत एक बाई पेरूची टोपली घेऊन बसते. आमच्या डब्यातली सुनंदा तिथेच चढते आणि डिसेंबर लागला की तिच्या हातात पेरू ठरलेला. कापून नको, तिखटमीठ नको, नुसता. त्या दिवशीही तिने तो ओढणीला पुसला आणि उभ्याउभ्याच मोठा चावा घेतला. मी खिडकीशी बसले होते, पेरू माझ्या अगदी डोळ्यांसमोर होता. पांढऱ्या गरावर समोरच्या दातांच्या खुणा उमटल्या होत्या आणि त्यांच्या कडेने बारीक लाल रेघ. बघता बघता ती रेघ फिकट गुलाबी होत गरात पसरली. सुनंदानेही ती पाहिली. तिने अंगठ्याने पेरू फिरवून घेतला आणि दुसऱ्या बाजूने, दाढेखाली धरून चावायला लागली. कुणीतरी म्हणालं, "अगं, रक्त येतंय." "रोजचंच आहे ते," ती म्हणाली, "ब्रश केला तरी येतं. दुखत नाही ना, मग असू दे." तेवढ्यात विक्रोळी आलं, गर्दीचा लोंढा आत घुसला आणि विषय कुणाच्या तरी मुलाच्या क्लासच्या फीवर गेला.

दिवसभर तो पेरू माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही. रक्त काही फार नव्हतं. मला टोचत होतं ते तिचं 'असू दे'. बोट कापलं तर हीच सुनंदा हळदीचा डबा शोधेल. मुलाच्या नाकातून रक्त आलं तर रात्री बारा वाजता शेजारच्यांचं दार वाजवेल. मग तोंडातल्या रक्ताला एवढी माफी कशी? तिच्या एकटीचंच असं नाही. आपल्या घराघरांत या रक्ताला कारणं तयार असतात. अंगात उष्णता वाढली असेल. ब्रश नवा आहे, कडक लागला असेल. जागरण झालं. लिंबू-आवळा कमी पडतोय. क जीवनसत्त्व फारच कमी पडलं तर हिरड्यांतून रक्त येतं हे खरं, पण वरणभातावर रोज लिंबू पिळणाऱ्या घरात ते कारण क्वचितच असतं. कारण बहुतेक वेळा दात आणि हिरडी यांच्या सांध्यावरच बसलेलं असतं.

आणि हे रक्त आपल्याला भीतीदायक वाटतच नाही असंही नाही. याच मुंबईत पावसाळ्यात कुणाला ताप आला आणि चूळ भरताना बेसिनमध्ये लाल दिसलं, की अख्खं घर हादरतं. प्लेटलेट्स किती, बेड कुठे मिळेल, फोनवर फोन. हिरड्यांतून रक्त येणं ही डेंग्यूची धोक्याची खूण आहे हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे, आणि ती धावपळ योग्यच असते. ताप असेल, अंगावर विनाकारण निळेजांभळे डाग उठत असतील, रक्त थांबतच नसेल, तर दाताच्या डॉक्टरकडे न जाता त्याच दिवशी फिजिशियनकडे जायला हवं. पण तेच रक्त तापाशिवाय, वर्षानुवर्षं, रोज सकाळी टूथपेस्टच्या फेसात मिसळून वाहून जातं तेव्हा आपण नळ जरा मोठा सोडतो आणि कामाला लागतो.

निरोगी हिरडीतून ब्रशने रक्त येत नाही. पेरूनेही नाही.

माझ्या आत्याचा एकही दात कधी किडला नाही. लालबागच्या चाळीत बायका दातदुखीने गाल धरून बसायच्या, लवंगेचं तेल मागायला एकमेकींकडे जायच्या, तेव्हा आत्या अभिमानाने सांगायची, "माझा एक किडका दात दाखवा." ते खरंही होतं. तरी साठी गाठायच्या आत तिला कवळी लागली. एका दुपारी आम्ही जेवत होतो. भाकरीचा घास चावता चावता ती थांबली, तोंडात बोट घातलं आणि दात काढून तळहातावर ठेवला. रक्त थेंबभर. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. तो दात मी हातात घेऊन पाहिला आहे. अख्खा होता. कुठे भोक नाही, काळा ठिपका नाही. वरचा भाग चांगला पांढरट, पण त्याच्या खाली, जिथे हिरडी असायला हवी तिथपासून मुळाच्या बऱ्याच खालपर्यंत, तपकिरी-काळपट खरखरीत थर चिकटलेला. नखाने खरवडला तरी निघेना. फक्त टोकाशी, शेवटच्या जरा भागात, मूळ हस्तिदंती रंगाचं आणि गुळगुळीत होतं. तेवढ्याच भागाला शेवटपर्यंत हाडाचा आधार होता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

आता आठवायला बसलं की आत्याचे सगळे बदल क्रमाने दिसतात. आधी तिने उसाचे करवे खायचे सोडले. मग पेरूच्या फोडी करून बिया काढायला लागली, कारण बिया दातांत जाऊन बसायच्या आणि काडीने टोकरल्याशिवाय निघायच्या नाहीत. जेवण झालं की तिच्या हातात झाडूची काडी हमखास असायची. संक्रांतीचा तिळाचा लाडू ती खलबत्त्यात घालून कुटायची आणि भुगा चमच्याने खायची. आम्हा पोरांना तो भुगा आवडायचा, म्हणून आम्हीही वाटी घेऊन तिच्याभोवती बसायचो. थंड पाणी ती दातांना लागू न देता, ओठ पुढे काढून प्यायची. तिच्या लग्नातल्या फोटोत समोरचे दोन दात एकमेकांना चिकटून आहेत. माझ्या आठवणीतल्या आत्याच्या त्याच दातांमध्ये तांदळाचा दाणा जाईल एवढी फट आहे, आणि चाळीतल्या बायका म्हणायच्या, फट भाग्याची असते. जन्मापासून असलेली फट वेगळी. चाळिशीनंतर उघडलेली, दरवर्षी रुंदावणारी फट म्हणजे दातांखालचा आधार सुटून ते पंख्याच्या पात्यांसारखे बाहेर पसरायला लागलेले असतात. दात लांब दिसायला लागले होते तेही तसंच. मोठ्या माणसाचा दात वाढत नाही, हिरडी मागे सरते आणि एरवी झाकलेलं मूळ उघडं पडतं. हसताना ती पदर तोंडाशी न्यायची. आम्हाला वाटायचं, आत्या लाजाळू आहे.

यातल्या एकाही गोष्टीला घरात कुणी आजार म्हटलं नाही. भाकरी आमटीत कुस्करून तिच्या पुढ्यात यायला लागली, चिवड्यातले दाणे तिच्यासाठी वेगळे काढले जायला लागले. हे सगळं प्रेमानेच केलं गेलं. हिरड्यांच्या या आजाराची हीच गोष्ट मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. तो आरशात दिसायच्या आधी माणसाच्या सवयींत दिसतो, आणि सवयीला आपण स्वभाव म्हणतो. एकाच बाजूने चावणं, सुपारी बंद करणं, आइस्क्रीमला नको म्हणणं, जेवल्यावर तासभर जीभ दातांच्या फटींतून फिरवत बसणं. दुखत असतं तर कुणी दुसऱ्या दिवशी नेलं असतं. दुखत नव्हतं, म्हणून सगळं घर त्याच्याभोवती वळसा घालून जगत राहिलं.

आत्या मशेरी लावायची. संगमेश्वरकडून लग्न होऊन आली तेव्हापासून. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तो खवखवणारा धूर सबंध मजल्यावर पसरायचा, आणि मग सकाळी नळावर उकिडवं बसून बोटाने हिरड्यांवर चोळत राहायचं. गिरणगावातल्या कितीतरी बायकांची सकाळ अशी व्हायची. दात घट्ट होतात, पोट साफ होतं, अशी पक्की समजूत. प्रत्यक्षात तंबाखू ज्या जागी रोज लागते तिथली हिरडी मागे सरत जाते, आणि तोंडाच्या कॅन्सरची टांगती तलवार असते ती वेगळीच. सिगारेट ओढणाऱ्यांच्या बाबतीत तर आणखी फसगत होते. निकोटीनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आत हाड झिजत असलं तरी रक्त फारसं येत नाही. 'माझ्या हिरड्यांतून कधी थेंबसुद्धा आला नाही' असं एखादा सिगारेट ओढणारा सांगतो तेव्हा तो खरंच बोलत असतो, आणि त्याच्या हिरड्या निरोगी असतीलच असं नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे. तरी स्टेशनच्या पुलाच्या कोपऱ्यांकडे पाहिलं की त्या तोंडांची अवस्था काय असेल याचा अंदाज येतो.

हे घडतं कसं, ते समजून घेतल्यावर माझी भीती वाढली आणि थोडी कमीही झाली. दात घासून झाल्यावर काही तासांतच त्यांच्यावर जंतूंचा चिकट, जवळजवळ न दिसणारा थर पुन्हा बसायला लागतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक या माणसाने 1683 साली स्वतःच्या दातांच्या फटीतला पांढरा मळ काढून आपल्या भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला पत्र लिहिलं. तो रोज सकाळी मिठाने दात घासणारा माणूस होता, तरीही. हा थर रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहिला, तर लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा होतो, नळाच्या तोटीवर पांढरे क्षार धरतात तसा. त्याला आपण कीटण म्हणतो. ते ब्रशने निघत नाही. त्याच्या खरबरीत अंगावर नवा थर आणखी पटकन बसतो, हिरडी सुजते, लाल होते, रक्ताळते. इथपर्यंत सगळं परत फिरवता येतं. दंतसंशोधक हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमध्ये केलेला एक प्रयोग 1965 साली प्रसिद्ध झाला. चांगल्या हिरड्यांच्या 12 जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं. 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लावलं, आणि साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. हे वाचलं तेव्हा मला फार दिलासा वाटला होता. सुनंदाच्या पेरूवरची लाल रेघ या टप्प्यावरची असू शकत होती. किंवा त्याच्या पुढच्या टप्प्यावरची. पुढच्या टप्प्यात सूज खाली उतरते, हिरडी दातापासून सुटते, मध्ये पोकळी होते आणि आतलं हाड हळूहळू विरघळत जातं. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. सोडा-मिठाने नाही, तुरटीच्या गुळण्यांनी नाही, कुठल्याच मंजनाने नाही.

मात्र प्रत्येक घरात एक आजोबा असतात. आमच्याकडेही होते. आयुष्यभर बाभळीची काडी आणि राखुंडी, डॉक्टर म्हणून कधी दातांना दाखवला नाही, आणि ऐंशीव्या वर्षी उसाचं कांडं दातांनी सोलायचे. दातांची काळजी घे म्हटलं की समोरून हे आजोबा पुढे केले जातात. मला याचं उत्तर श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांत सापडलं. याच लोए यांच्या गटाने तिथल्या 480 मजुरांचा 1970 पासून 15 वर्षं मागोवा घेतला. ती माणसं दात घासत नव्हती आणि दंतवैद्य त्यांना माहीत नव्हता. सगळ्यांच्या दातांवर कीटण होतं, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. तरी सुमारे 11 टक्के लोकांचं हाड झिजण्यापर्यंत प्रकरण गेलंच नाही, 81 टक्क्यांचं मध्यम गतीने झिजलं आणि 8 टक्क्यांचं इतक्या वेगाने, की ऐन उमेदीत त्यांचे दात गळायला लागले. म्हणजे उसाचे आजोबा खरे असतात. ते अकरांतले असतात. आपण कुठल्या गटात आहोत हे कपाळावर लिहिलेलं नसतं. आई किंवा वडिलांचे दात लवकर हलले असतील तर मात्र आपण अधिक जागं राहायला हवं, एवढं त्यावरून घेण्यासारखं आहे.

एका खुणेबद्दल बोलायला सगळ्यांत अवघड जातं. वास. लोकलमध्ये चेहऱ्याला चेहरा लागून उभं राहावं लागतं, तेव्हा शेजारणीच्या श्वासातलं सगळं कळतं आणि आपण मान वळवतो. लसणीची चटणी खाल्ल्याचा वास वेगळा, रात्रभराच्या उपाशी तोंडाचा वेगळा. हिरड्यांचा वास कुबट असतो, जरासा कुजकट, चूळ भरून जात नाही आणि वेलदोड्याखाली लपत नाही. ज्याचा त्याला तो बहुतेक येतही नाही, नाकाला सवय होते. कोरोनाच्या काळात मास्कमुळे कितीजणांना स्वतःच्या तोंडाचा वास पहिल्यांदा कळला असेल. माझ्या एका सहकाऱ्याने तर त्याच काळात दातांचे डॉक्टर गाठले. आपल्या माणसाला हे सांगायचं कुणी? नवरा बायकोला सांगत नाही, मुलगी आईला सांगत नाही, बडीशेप पुढे करते. मीही आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला एक मार्ग त्यातल्या त्यात बरा वाटतो: वासाचा विषय काढण्याऐवजी रक्ताबद्दल विचारायचं. रक्ताबद्दल विचारलं तर कुणी अपमान मानत नाही.

सुनंदाला मी तसंच विचारलं. सीएसएमटीला उतरून आम्ही फोर्टकडे चालत होतो. किती दिवसांपासून येतंय? तिला आठवेना. "मुलगी कॉलेजात होती तेव्हापासून असेल." मुलीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. खालचे पुढचे दात जिभेने ढकलले तर जरासे हलतात, सकाळी हिरडी दाबली तर खारट लागतं, दाढांच्या फटीत मेथीचं पान अडकलं की अडकलंच. हे सगळं ती सहज सांगत होती, गुडघे कुरकुरतात म्हणावं तसं. मग दाताच्या डॉक्टरकडे का जात नाहीस, म्हटल्यावर चालता चालता थांबली. "क्लीनिंग केलं की दात ढिले होतात गं. माझ्या जावेचे झाले." ही भीती मुंबईत एवढी खोलवर आहे की तिला हसण्यावारी नेऊन चालणार नाही, कारण तिच्यामागे अनुभव असतो. जावेला खरंच तसं वाटलं असणार. वर्षानुवर्षं फटी भरून बसलेलं कीटण काढलं की फट उघडी पडते. सुजलेली हिरडी ओसरते आणि मुळं आणखी दिसायला लागतात. हाड आधीच गेलेलं असतं आणि दात एकमेकांना कीटणानेच जखडलेले असतात, ते निघालं की हलणं जाणवतं. मशीनने दात ढिला केलेला नसतो, तो ढिला होता हे तेव्हा कळतं. मी हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू येशील का बरोबर?"

आम्ही दादरला गाडी बदलून मुंबई सेंट्रलला गेलो, महापालिकेच्या नायर दंत रुग्णालयात. तिला सीएसएमटीजवळचं, सेंट जॉर्जच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालयही ऑफिसहून जवळ पडलं असतं, पण तिच्या शेजारणीने नायर सांगितलं होतं आणि तिचा त्यावर विश्वास होता. केसपेपर काढला, रांगेत बसलो. गावाकडून आलेली माणसं, शाळेच्या गणवेशातली मुलं, एक म्हातारे गृहस्थ, कवळी रुमालात गुंडाळून आणलेले. हिरड्यांच्या विभागात एका तरुण डॉक्टर मुलीने तिला खुर्चीवर बसवलं. "काकू, आ मोठा करा." हातात खुणा कोरलेली बारीक, बोथट टोकाची सळई. ती दात आणि हिरडी यांच्या मधल्या जागेत हलकेच सरकवायची, थांबायची आणि आकडा म्हणायची. शेजारी दुसरी मुलगी कागदावर लिहून घेत होती. तीन, दोन, तीन. तीन, तीन, दोन. मला वाटलं, बरं चाललंय. मग खालच्या ओळीत आवाज तोच राहिला आणि आकडे बदलले. पाच, चार, सहा. सहा, पाच, सहा. दर आकड्यामागे हिरडीच्या कडेला रक्ताचा लहानसा मणी येत होता. हे आकडे मिलिमीटर असतात. तीनपर्यंत चालतं. चारच्या पुढे गेलं की दाताभोवती अशी खोली तयार झालेली असते जिथे आपला ब्रश कधीच पोहोचत नाही. सुनंदाला आकड्यांचा अर्थ माहीत नव्हता, तरी तिने माझ्याकडे पाहिलं.

एक्स-रेवर हाडाची रेघ दाखवली. दाढांपाशी ती जिथे असायला हवी तिथून थोडी खाली होती, पुढच्या खालच्या दातांपाशी मुळाच्या निम्म्याच्या जवळ. मग त्या डॉक्टर मुलीने विचारलेले प्रश्न माझ्या लक्षात राहिले, कारण त्यातला जवळजवळ एकही तोंडाविषयी नव्हता. शुगर आहे का? बीपीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? (अ‍ॅम्लोडिपिनसारख्या काही गोळ्यांनी हिरड्या फुगतात. म्हणून त्या मनाने बंद करायच्या नसतात, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं असतं.) रक्त पातळ करायची गोळी? तंबाखू, मशेरी? घरात कुणाचे दात लवकर पडले? सुनंदाला मधुमेह आहे. कित्येक वर्षं गोळ्या घेते. ज्या डॉक्टरांकडे ती नेमाने जाते ते तिच्या पायांची बोटं बघतात, डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला सांगतात. तोंड उघडा असं तिला एकदाही कुणी म्हटलेलं नव्हतं. शुगर वाढलेली राहिली की हिरड्या लवकर खराब होतात आणि हिरड्यांमधली सूज शुगर आटोक्यात येऊ देत नाही, असं ते दोन्हीकडून चालतं. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी उतरते, असंही दिसून आलेलं आहे. मला याचा खरोखर राग आला. मधुमेही माणसाच्या फाईलमध्ये पायांसाठी रकाना असतो, डोळ्यांसाठी असतो. हिरड्यांसाठी एक ओळ वाढवायला काय लागतं?

उपचार टप्प्याटप्प्याने झाले. आधी वरचं कीटण काढलं, मग भूल देऊन हिरडीखालचं, मुळांवरचं. पहिल्या बैठकीनंतरचे दिवस वाईट गेले. चहा लागतो, पाणी लागतं, वारासुद्धा लागतो, आणि खालच्या दातांमध्ये काळे त्रिकोण दिसायला लागले. "आधीच बरी होते," ती डब्यात मला म्हणाली आणि मला तिच्याकडे बघवेना. कारण आरशात तिला जे दिसत होतं ते खरंच आधीपेक्षा वाईट दिसत होतं. सूज होती तोवर हिरडी भरल्यासारखी वाटायची. बरं होणं हे बघायला असं असतं, हे आधी कुणीतरी नीट बसवून सांगायला हवं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून ती टिकली. शिवशिव हळूहळू कमी झाली. रक्त दोनेक आठवड्यांत जवळपास थांबलं. गुळण्यांचं औषध मोजक्या दिवसांपुरतंच दिलं होतं, कारण ते जास्त दिवस घेतलं की दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव जाते. ब्रश मऊ केसांचा, दातांवर आडवा रगडण्याऐवजी हिरडीच्या कडेशी तिरका धरून, जागच्या जागी हलवत. जोरात घासून हिरडी आणखी मागे सरते, हे तिला नवीन होतं. फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा इवलासा ब्रश. तो ती आता पर्समध्ये ठेवते. खालचा एक दात अजून हलतो. त्याच्याजवळची पोकळी पुन्हा मोजतील आणि गरज पडली तर हिरडी उघडून साफ करतील. तो राहील की जाईल हे आत्ता कुणी सांगू शकत नाही.

मी घरी सगळ्यांचे ओठ खिडकीच्या उजेडात खाली ओढून बघितले. बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली काही दिसत नाही. पुस्तकांत निरोगी हिरडी गुलाबी लिहिलेली असते, पण आपल्याकडे कित्येकांच्या हिरड्या जन्मतःच तपकिरी, काळसर असतात आणि त्यात काहीही वाईट नसतं. रंगापेक्षा कड बघायची. चांगली कड पातळ असते, दाताला घट्ट बसलेली, आणि हिरडीवर कित्येकदा संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे असतात. सुजलेली कड गोलसर, चकचकीत आणि ढिली दिसते. नवऱ्याची एका दाढेपाशी तशी निघाली. त्याने आधी सांगितलं की तिथे दुखत नाही.

सुनंदाची मुलगी विरारला असते. पाचवा महिना चालू आहे. तिच्याही हिरड्यांतून रक्त येतंय आणि सासरी सगळ्यांनी सांगितलं आहे की दिवस गेल्यावर हे होतंच. होतं, हे खरं आहे. संप्रेरकांमुळे त्याच जंतूंना हिरडी जास्त चिडून उत्तर देते, दुसऱ्या महिन्यापासून सूज वाढायला लागते आणि आठव्याच्या सुमारास सगळ्यांत जास्त असते. पण मुळाशी तो दातांवरचा थरच असतो आणि तो काढता येतो. दात साफ करून घेणं गरोदरपणात चालतं आणि मधले तीन महिने त्याला सगळ्यांत सोयीचे, असं नायरच्या डॉक्टरांनी सुनंदाला सांगितलं. शनिवारी मुलगी विरारहून थेट मुंबई सेंट्रलला उतरणार आहे, सुनंदा दादरला बदलून तिला गाठेल. सोनोग्राफीची फाईल, चालू गोळ्यांची नावं आणि मागच्या महिन्याचा रक्ताचा रिपोर्ट, एवढं पिशवीत टाकायला तिने मुलीला फोनवर दोनदा बजावलं आहे.